खुरपं घेऊन फिरायला

५ जानेवारी, सोमवार

उपाशीपोटी साखर १८६. न्हावऱ्याच्या डॉक्टरांनी आधी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "सिस्टर, आता तुम्हाला मी काय सांगायचं?" खरंच काय सांगणार. तीस वर्षं उपकेंद्राच्या ओट्यावर बसून अख्ख्या इनामगावला मीच सांगत आले, रोज चाला, गोड कमी करा, अंगाला घाम येऊ द्या. स्वतः मात्र घर ते उपकेंद्र, दीडशे पावलं. रिटायर झाल्यावर तीही गेली.

उद्यापासून चाळीस मिनिटं. घोड नदीपर्यंत जायचं, काठाकाठानं थोडं वर, आणि परत. हे म्हणाले, आधी बूट घे. टेलर माणूस, सगळ्याची सुरुवात मापानं आणि सामानानं.

६ जाने.

चालणे: ४ मि.

कोपऱ्यावरच पहिली गाडी थांबली. "बसा सिस्टर, सोडतो." म्हटलं, फिरायला चाललेय. "व्हय, पन कुठं?" कुठं नाही रे, नुसतीच. त्यानं असं बघितलं, जसं काही आमच्या घरात भांडण झालंय आणि मी निघून चाललेय. मग दुसरी गाडी, तिसरी, एक ट्रॅक्टर. निम्मे तर माझ्याच हातावर जन्मलेले. किती जणांना नाही म्हणायचं? पाचव्या गाडीवर बसले. त्यानं नदीवर नेलं, दहा मिनिटं थांबला, परत आणून दारात सोडलं. गुणी पोरगा. साखर जिथल्या तिथं.

७ जाने.

आज हातात किटली घेतली, दुधाला निघाल्यासारखी. गाड्या थांबल्या नाहीत. पण वस्तीवरच्या बायकांनी बोलावून बोलावून ती भरली. म्हशीचं, सायीचं दूध. घरी आल्यावर ह्यांनी खीर करायला सांगितली.

८ जाने.

सापडलं! खुरपं. बाईच्या हातात खुरपं असलं की तिला कुणी काही विचारत नाही. कामाला चालली, विषय संपला. आमचं दीड एकर बटईनं दिलंय, मी तिथं वर्षातून दोनदा जाते, पण ते कुणाच्या ध्यानात नाही. थेट नदीपर्यंत गेले, काठानं मोटारींच्या पाइपांवरून उड्या मारत वर गेले, आले. ३८ मि. एकही लिफ्ट नाही.

९ जाने.

नदी तीस वर्षं इथंच होती. मी ती बघितली ती पोलिओच्या डोसाला होडीतून पलीकडे जाताना, बर्फाचा डबा मांडीवर घट्ट धरून. आज नुसती बघितली. उथळ पाण्यात काळे-पांढरे पक्षी, पाय लाल आणि इतके लांब की मी त्यांचं नाव सुईपाये ठेवलं. किसन आबा होडी ओढत होते, त्यांनी दुरुस्त केलं, "शेकाट्या म्हंत्यात त्येला." आबा भोई, सत्तरीचे, ह्या डोहात जाळी टाकणारे आता तेवढेच उरलेत. गेल्या साली कुत्रं चावलं तेव्हा त्यांना सगळी इंजेक्शनं मीच टोचली, त्यामुळे आमचं जमतं. त्यांनी तांबूस बदकांची जोडी दाखवली, चक्रवाक. हिवाळ्यापुरती येतात. फार दूरवरून येतात म्हणे, आणि मला नदीपर्यंत यायला तीस वर्षं लागली.

१० जाने.

शेजारची सुमन भिंतीवरून म्हणाली, "मला बी साखर हाय म्हणून सांगा की घरी." म्हटलं, तुला साखर नाही. "मग बी.पी. सांगा." तिचे मालक आप्पा, सोसायटीचे माजी चेअरमन. माजी झालेत हे त्यांना अजून पटलेलं नाही, त्यामुळे घरात सकाळपासून माणसं आणि चहा. शिवाय सासू, दोन सुना, सहा म्हशी. सुमनला बसायला मिळतं ते फक्त जेवताना.

गेले, आप्पांना सांगितलं. हिचं बी.पी. वाढलंय, रोज माझ्याबरोबर चालवायला हवं. आप्पा गंभीर झाले. नोकरीत असताना एक आकडा खोटा लिहिला नव्हता. रिटायर झाल्यावर पहिलं खोटं निदान. झकास वाटलं.

११ जाने., रवि.

दोन बायका, दोन खुरपी. सुमन जाताना सुनांबद्दल बोलली, येताना सासूबद्दल. खंड्या तारेवरून उडाला, बगळे उडाले, पाणकावळेसुद्धा उडाले. म्हटलं, सुमन, जरा हळू. "आवाज खाली करून बोललं तर बोलल्यासारखं वाटत न्हाई वो." ४१ मि.

१२ जाने.

आज पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या टेकाडावरून गेलो. चालताना पायाखाली अजून खापरं वाजतात. माझ्या लग्नाच्या आधी शिकलेली माणसं येऊन इथं खणून गेली, सासरे तेव्हा त्यांच्याकडे मातीच्या पाट्या वाहायला होते. ते सांगायचे, हजारो वर्षांपूर्वी इथले लोक मेलेल्या माणसाला घरातच पुरायचे, आणि पुरताना घोट्यापासून पाय तोडायचे. उठून कुठं जाऊ नये म्हणून.

सुमननं स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी तवापास्नं हाय व्हय हे!"

टेकाडावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

१३ जाने., भोगी

सकाळी सुमनकडून तिळाची भाकरी आणि भोगीची भाजी. चांगली सुरुवात. मग नदीकाठच्या उंबराखाली ओल्या गाळात ठसे. सुमननं बघितलं, "आगं आयोऽ, बिबट्या!" आणि दोन्ही चपला हातात घेऊन जी पळाली! बी.पी.च्या पेशंटला शोभणारं पळणं नव्हतं.

मी थांबले. भीती वाटली, पण थांबले. उपकेंद्राच्या भिंतीवर फॉरेस्टचं पोस्टर आठ वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं. बिबट्याला चार बोटं, नखं उमटत नाहीत. इथं पाच बोटं, पुढं नखांचे टिपके, आणि दोन बोटांमध्ये पुसट कातडीसारखं काहीतरी. मोबाइलवर फोटो काढला.

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर कुठल्यातरी भलत्याच बिबट्याचा फोटो आला होता, "आपल्या उंबराखाली" म्हणून. आप्पांनी फॉरेस्टला फोन लावलेला. मी म्हटलं, आप्पा, पाच बोटं आहेत. "सिस्टर, बिबट्याची बोटं मोजाय थांबला व्हता व्हय?" सगळे हसले. मी मोबाइल पर्समध्ये ठेवला. तालुक्यात ह्या हंगामात बिबट्यानं माणसं नेलीत, लेकरंसुद्धा. ऊस तुटायला लागलाय, रानं उघडी पडताहेत. लोक भितात ते उगाच नाही.

१४ जाने.

तिळगूळ. अर्धाच खाल्ला (खरं तर दीड). सुमनचं फिरणं बंद. आप्पांचा हुकूम, घरातून गोठ्यात जायचं तरी सोबत माणूस हवा. ती तिळगूळ द्यायला आली तेव्हा बरोबर धाकटी सून होती, पहाऱ्याला.

१५ जाने.

हे शिरूरला अस्तर आणायला गेले आणि खिळ्यांचा पट्टा घेऊन आले. शेतात कामाला जाणाऱ्या बायका हल्ली गळ्यात बांधतात तो. बिबट्या मान धरतो, म्हणून. ह्यांनी त्याला आतून मऊ फ्लॅनेल शिवून दिलंय, टोचू नये म्हणून, आणि मागं हुक. "गले में डाल, फिर कां बी जा."

लग्नात ह्यांनी काळी पोत घातली होती. त्यानंतर गळ्यातलं हे दुसरंच. रागवावं की हसावं कळेना. मग दोन्ही केलं.

१६ जाने., शुक्र.

नीट लिहायचं आहे, विसरायच्या आत.

पट्टा घालून एकटीच गेले. ऊन वर आलेलं. उंबरापासून पुढं नदी वळते तिथं डोह, काठाला पानकणसं. शिट्टी ऐकू आली. वाटलं, कुणी पोरगं. मग पाण्यातून एक डोकं वर आलं, चपटं, मिशीवालं. मग दुसरं. मग एकदम तीन लहान. मोठ्यानं मासा आणून दगडावर टाकला आणि पिलांची जी झोंबाझोंबी! एक पिलू दगडावरून मागच्या मागे पाण्यात पडलं, वर आलं, परत चढलं, परत पडलं. मी मोठ्यानं हसले. आई मान ताठ करून माझ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. तिला काय दिसलं असेल, गळ्यात खिळे घातलेली, हातात खुरपं घेतलेली जाडी बाई. मग पाचही गेली. पाण्यावर फक्त बुडबुड्यांची रेघ, ती काठाच्या मुळांपर्यंत जाऊन थांबली.

बी.पी. मोजलं असतं तर माझंच वाढलेलं निघालं असतं. किती वर्षांनी इतका आनंद झाला.

आणि पाच मिनिटांत किसन आबा. खांद्यावर फाटकं जाळं. "बगा सिस्टर. मासं खाल्लं, मुंडकी तेवढी ठिवली. ह्ये पानमांजर हाय. लई वरसांनी आलं." म्हणजे ते नाव. आबांना ती दिसली नव्हती, नुसता संशय. पुढं सांगत गेले, त्यांचे वडील पाणमांजर धरण्यात वस्ताद. "पयले तीन दिस दगडावर नुसता मासा ठिवायचा. खाऊ द्यायचा. भ्या मोडलं की चवथ्या दिशी त्याच दगडावर फास."

म्हटलं, "आबा, पाणमांजर कुठलं आता. बिबट्याच तो." आणि पुरावा म्हणून गळ्यातला पट्टा दाखवला. आबांनी पट्ट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आसंल," म्हणाले. "मग हिकडं याय नगं."

दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा मोठं.

१८ जाने., रवि.

फॉरेस्टचा गार्ड आला, पिंजरा आला, पिंजऱ्यात कोंबडी. ठसे बघायला सगळं गाव उंबराखाली उभं राहून गेलेलं, त्यामुळे तिथं आता फक्त चपलांचे ठसे. गार्डनं विचारलं, "सिस्टर, तुम्ही बघितलं होतं ना? फोटो वगैरे?" फोटो पर्समधल्या मोबाइलमध्ये. म्हटलं, घाईत होते रे. आप्पा पिंजऱ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत होते.

२० जाने.

डोहाकडे आता कुणी फिरकत नाही. आबाही खालच्या बंधाऱ्याकडे जाळी टाकतात. मी पांढरीच्या टेकाडावरून बघते, तिथून डोह दिसतो. पिलं खोल पाण्यात जायला शिकताहेत की काय, आई मानगूट धरून पाण्यात सोडते. ३९ मि.

२१ जाने.

पिंजऱ्यात सापडला! आप्पांचा कुत्रा. कोंबडी खाऊन आत गाढ झोपलेला. गार्ड आला, दार उघडलं, तरी बाहेर येईना. आप्पा पाठ फिरवून घरी गेले. हे दुकानात बसून दिवसभर मध्येच हसत होते, एका पँटची उंची चुकली म्हणे.

२४ जाने., शनि.

सुमनकडे गेले. डोळ्यांखाली काळं. रात्री पत्रा वाजला तरी उठून बसते. गोठ्यात जाताना ताट बडवत जाते. "सिस्टर, तुमाला भ्या न्हाई वाटत व्हय?" बी.पी. घेतलं. १६०/१००. परत घेतलं. तेच.

मी खोटं लिहिलं होतं ते खरं झालं. आणि खरं करणारी मीच. हिच्या भीतीवरचं औषध माझ्या मोबाइलमध्ये आहे आणि मी देत नाही. तीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. घरी येऊन जेवले नाही.

२५ जाने.

ह्यांना सगळं सांगितलं. मशीन थांबवून ऐकलं. म्हणाले, मुक्या जनावरासाठी खोटं बोललीस, ते मी समजू शकतो. पण त्याचा भार सुमनवर टाकलास. जनावराचा जीव वाचवायचा तर आपल्या जिवावर वाचवावा, शेजारणीच्या नाही.

बरोबर आहे. बोलता बोलता सुई बोटात घुसली ह्यांच्या, पट्टी मी बांधली.

२७ जाने.

आप्पांना म्हटलं, सुमनचं बी.पी. आता खरंच... म्हणजे आणखी वाढलंय. चालायलाच हवं. ते नको म्हणायला लागले तेव्हा विचारलं, "तुम्ही एवढा पिंजरा लावलाय, मग भीती कसली?" झालं. स्वतःच्या पिंजऱ्याला नावं कशी ठेवणार.

माझा पट्टा तिच्या गळ्यात घातला. रस्ताभर माझा दंड धरून. टेकाडावर बसवलं, म्हटलं, आता पंधरा मिनिटं एक शब्द नाही. शिट्टी झाली. तिनं डोळे मिटले. म्हटलं, उघड.

पाचही आली. पिलं आता गुबगुबीत. आई दगडावर उताणी पडून ऊन खात होती आणि पिलं तिच्या अंगावरून चढ-उतर करत होती. सुमन कुजबुजली (पहिल्यांदाच ऐकली तिची कुजबूज), "लेकुरवाळी हाय वो." मग हसायला लागली, तोंडावर पदर धरून. आणि मग एकदम थांबली.

"तुमाला म्हाईत व्हतं?"

हो म्हटलं.

"मी चौदा दिस झोपले न्हाई."

माफी मागितली. सरळ, जशी मागायची तशी. ती घरापर्यंत बोलली नाही. सुमन, आणि वीस मिनिटं गप्प. दारात म्हणाली, "माझ्या पोटात काय ऱ्हात न्हाई, तुमाला ठावं हाय. रईवारपत्तूर दम धरते. त्येच्या आत किसन आबास्नी तुमी सांगा. माझ्याकडनं कळलं तर वंगाळ दिसंल." पट्टा परत केला. सोन्याचा असल्यासारखा दोन्ही हातांनी.

२८ जाने.

सुमनच्या थोरल्या सुनेचा निरोप: आत्याबाई काल रात्री घोरत होत्या.

२९ जाने.

आबांच्या दारात गेले. करंजाखाली जाळं पसरून बसलेले. पाठ करून गेले होते ते सगळं विसरले, सरळ म्हटलं, आबा, खोटं बोलले. पाणमांजरच आहे. पाच आहेत.

"ठावं हाय," म्हणाले. हातातली गाठ पूर्ण केली. "बिबट्या मुंडकी ठिवतो व्हय?"

मग गप्प का बसलात?

"तुमी म्हणला बिबट्या, म्हणून बिबट्या. इंजेक्शान देताना तुमी म्हणायचा, दुखनार न्हाई आबा. तवा बी गप बसलोच की."

हसलो दोघं. पण मग ते नदीकडे बघून म्हणाले, "आता पानी हाय, ठीक हाय. उन्हाळ्यात आटलं की एकलाच डोह. त्यात मी आन् ती पाच. मी काय खायाचं, सिस्टर?"

मी एवढंच म्हटलं, जाळं नीट करायला ह्यांना पाठवते. "टेलर? जाळं शिवनार?" खोकला येईपर्यंत हसले.

३१ जाने.

हे नायलॉनचा दोरा आणि चष्मा घेऊन गेले, संध्याकाळी आले. दोघांचं दिवसभर एकच भांडण, गाठ डावीकडून की उजवीकडून. आबा म्हणे, "ह्यो मासं धराय न्हाई, लगीन लावाय जाळं शिवतोय." ह्यांनी काठाला दुहेरी शिवण घातली. त्यांच्या मते आता ते जाळं नदीपेक्षा जास्त टिकेल. अंगाला माशांचा वास, पण चेहरा खूश. उद्या पुन्हा जाणार आहेत.

१ फेब्रुवारी, रवि.

सुमनची मुदत संपली. सकाळी आठला मी गार्डला फोटो दाखवला. त्यानं पाच बोटं मोजली, माझ्याकडे बघितलं, मोबाइल परत दिला. लहानपणी फार रडायचा सुईला, आता समजूतदार झालाय. पिंजरा नेला. हळूच विचारलं, "पाणमांजर मारायला बंदी आहे. आबांना नोटीस देऊन ठेवू?" म्हटलं, अजिबात नको. आबांचं मी बघते. (कसं बघणार?)

नवाला सुमननं सांगायला सुरुवात केली. दहापर्यंत गावाला कळलं. आप्पा म्हणाले, मी पहिल्यापासून म्हणत होतो, पाच बोटं आहेत म्हणून. कुत्रा त्यांच्या पायाशी बसलेला. काही म्हणाला नाही.

२ फेब्रु.

चार बायका येऊन गेल्या. चौघींनाही बी.पी. हवंय.

३ फेब्रु., मंगळ.

सहा बायका, सहा खुरपी. ऊस तुटलेल्या रानाकडेनं नको, मोकळ्या काठानंच जायचं आणि सगळ्यांनी मिळूनच, हा माझा नियम. बिबट्या इथं नव्हता म्हणून कुठंच नाही असं नाही. पट्टा मी अजून घालते.

टेकाडावरून बघितलं. डोहातल्या त्या दगडावर एक मासा. अख्खा, चांगला वीतभर, मुंडक्यासकट. पाणमांजरानं ठेवलेला नव्हे. सुमन म्हणाली, "आबांनीच ठिवला. देवमानूस वो!" सगळ्याजणी कौतुक करत परत आल्या, मीही. ४४ मि.

चहा गाळताना आठवलं. पहिले तीन दिवस नुसता मासा.

४ फेब्रु.

कालचा मासा खाल्लेला. आज दुसरा. त्याच दगडावर.

आबा होडीत भेटले. नवी शिवलेली जाळी पलीकडच्या काठाला टाकत होते, डोहापासून लांब. म्हणजे चांगलं ना? की मुद्दाम? विचारायला तोंड उघडलं, तर तेच ओरडले, "चाला, चाला सिस्टर! डाक्टरनं सांगितलंय न्हवं!" आणि तीन दात दाखवून हसले.

विचारलं नाही. विचारलं म्हणजे विश्वास नाही असं झालं. माझ्या खोट्यावर त्यांनी विश्वास ठेवल्यासारखं दाखवलं होतं, तेवढा तर मी त्यांच्या खऱ्यावर ठेवावा. पण ते खरं कोणतं, तेच कळत नाही.

५ फेब्रु.

साखर १४२! डॉक्टरांनी विचारलं, काय केलंत? म्हटलं, खुरपलं.

दगडावर तिसरा मासा. पिलं आता आईच्या आधी येतात त्याच्याकडे. भीती मोडली त्यांची.

ह्यांना विचारलं, आज दिवसभर बसला होतात आबांबरोबर, काही बोलले का? म्हणाले, बोलला नाही काही. एक बारीक दोरी वळत होता. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाला, नदीवर दोरी कशाला बी लागती.

उद्या चौथा दिवस. सुमनला फासाचं सांगितलं, साडेसहाला येते म्हणाली. बाकीच्या चौघींना सांगितलेलं नाही, आणि नवल म्हणजे तिनंही नाही. रस्त्यात मेथीचा वाफा लागतो, आबांना मेथी फार आवडते. महिनाभर नुसतं मिरवलेलं खुरपं आज पहिल्यांदा दगडावर घासून धार लावून घेतलं. फास असला तर तो कापायला. नसला तर आबांसाठी मेथी काढायला.